सेट उघडायचा नसतो

इंग्रजीच्या जाडजूड शब्दकोशात सगळ्यात ऐसपैस बसलेला शब्द कोणता, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल प्रेम, नाहीतर देव. कशाचं काय. तिथे पानामागून पानं अडवून बसलाय तो तीन अक्षरांचा सेट. ओतूरला बी.ए. करताना कॉलेजच्या ग्रंथालयात मी ती पानं पहिल्यांदा उघडली, आणि मला आमच्या भावकीतले एक चुलते आठवले. ते लग्नाला एकटेच यायचे, पण पंगतीत तिघांची जागा धरायचे.

नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. मी इंग्रजी विषय घेतला म्हणून पिंपळवंडीत लोक माझ्याकडे जरा संशयानेच बघत. पोरगी इंग्रजी शिकते म्हणजे एकतर मास्तरीण होणार, नाहीतर हाताबाहेर जाणार, एवढंच त्यांना कळत होतं. मी हट्टाने त्या शब्दाचे सगळे अर्थ वहीत उतरवायला घेतले. सूर्य मावळला तरी सेट, मोडलेलं हाड जागेवर बसवलं तरी सेट, ताटं मांडली तरी सेट, घड्याळ लावलं तरी सेट. वही संपायच्या आधी माझा दम संपला.

मग आमच्या सरांनी मूळ सांगितलं. वेतन आयोग सोडून दुसऱ्या कशावर सर इतके खुलून बोलल्याचं मला आठवत नाही. ते म्हणाले, हा मुळात एक शब्दच नाही, दोन आहेत. एक जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ बसवणं. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचांच्या हातून आलेला, त्याचं मूळ मागे मागे चालणं. कुणाच्या तरी मागे चालणाऱ्यांचा पंथ, टोळकं, म्हणून सेट. दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द, पण दिसायला सारखे, म्हणून हळूहळू एकाच घरात राहायला लागले आणि आता कोणता कोणाचा ते त्यांनाही सांगता येत नाही.

मला हे इतकं भारी वाटलं की घरी येऊन दप्तरही न ठेवता मी शेतात गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, टोमॅटोची बांधणी करत होते. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलणारा. मी त्यांना अख्खं व्याख्यान ऐकवलं. त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "मंजी आपलं बसनंच की. घसा बसतो, बाजार बसतो, दातखीळ बसती. त्यात काय येवढं?"

हेच सांगायला सरांना तास लागला होता. पुढच्या वाफ्यात जाता जाता आप्पा म्हणाले, "यंदा सेटिंग बी लई भारी हाय." टोमॅटोचं फूल गळून न जाता त्याचं फळ धरलं की आमच्याकडे सेटिंग झालं म्हणतात, आणि त्यासाठी औषध फवारतात. म्हणजे जो अर्थ मी शब्दकोशात बोट ठेवून शोधत होते, तो आप्पा रोज फवारत होते.

पण आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत सेटची खरी सत्ता पाहायची तर लग्नात. त्या काळात मांडवात आहेर पुकारायला एक माणूस माइक घेऊन बसायचा. मंगलाष्टकांपेक्षा त्याचाच आवाज जास्त घुमायचा. अमक्या पावण्यांकडून लेमन सेट, तमक्या मंडळाकडून टी सेट, मामांकडून डिनर सेट. लेमन सेट म्हणजे काचेचा एक जग आणि सहा ग्लास. आमच्या घरी असे पाच होते आणि लिंबाचं सरबत आम्ही स्टीलच्या पेल्यात पीत होतो. कारण सेट उघडायचा नसतो. तो माळ्यावर ठेवायचा, आणि पुढच्या लग्नाला कागद बदलून पुढे सरकवायचा. ज्याने फोडला त्याने पै-पाहुण्यांची साखळी तोडली. आमच्या आत्याने एकदा कौतुकाने टी सेट उघडून चहा दिला तर बायका कप ओठाला लावायच्या आधी एकमेकींकडे बघायला लागल्या. हिच्याकडे आता द्यायला काही उरलं नाही वाटतं, असं त्या बघण्यात होतं.

मी पुण्याला होस्टेलवर राहून एम.ए. झाले आणि पाठोपाठ सेट पास झाले. ही सेट म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा. शब्दकोशातल्या त्या सगळ्या पानांत ही नव्हती, पण मला हवी होती ती हीच. निकाल कळल्यावर आप्पांनी गावात पेढे वाटले. आता लोकांना सेट म्हणजे काय ते सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. एकाने विचारलं, "कसला सेट लागला पोरीला? टी.व्ही.चा का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "न्हाई, डोक्याचा."

त्याच उन्हाळ्यात जाहिरात आली. आंबेगाव तालुक्यातल्या एका संस्थेच्या कॉलेजात इंग्रजीची एक जागा. संस्था घोड नदीच्या अलीकडे की पलीकडे ते मी सांगणार नाही, कारण संस्थाचालकांना तिथे सगळे फक्त साहेब म्हणत आणि अशा साहेबांची आमच्याकडे टंचाई नाही. साहेब सभेला गेले की त्यांच्यामागे वीसेक लोकांचं टोळकं चालायचं; ते थांबले की टोळकं थांबायचं, ते हसले की हसायचं. सरांनी सांगितलेला मागे चालणाऱ्यांचा अर्थ मला तेव्हा नीट समजला.

अर्ज टाकल्याबरोबर घरात सल्लागार जमले. पंगतीत तिघांची जागा धरणारे चुलते म्हणाले, "सेट झाली ते ठीक हाय, पन सेटिंगचं काय? साहेबांच्या कानावर घालाय पायजे." मी ताडकन उठले. आप्पांना सगळ्यांदेखत बजावलं, "माझ्यासाठी कुणाच्या दारात जायचं नाही. गेलात तर मी मुलाखतीलाच जाणार नाही. माझं मला येतंय." आप्पा म्हणाले, "न्हाई जात." मला स्वतःचा लई अभिमान वाटला. पंचविशीच्या आत माणसाला स्वतःचा अभिमान फार स्वस्तात मिळतो.

मुलाखतीच्या आधी पंधरा दिवस साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका गठ्ठ्याने गावात आली. खाली ठसठशीत छापलं होतं, कृपया आहेर आणू नये. ते वाचून गावातल्या सगळ्यांनी आहेर घेतला. आप्पांनी नारायणगावच्या दुकानातून मेलामाइनचा मोठा डिनर सेट आणला, गुलाबी फुलांच्या कागदात बांधलेला. मी खोचकपणे म्हणाले, "टॉवेल-टोपी चालली असती की. सेटिंगला तर निघाला नाहीत ना?"

"न्हाई गं. लग्नाला चाललोय." त्यांनी इस्त्रीची टोपी घातली, खोका मांडीवर घेऊन एस.टी.त बसले आणि गेले. आप्पांना खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो विषय सोडला. संध्याकाळी परत आले तेव्हा विचारलं, भेटले का साहेब? म्हणाले, "लांबून. गर्दी लई व्हती. खोक्यांची तर थप्पी लागली व्हती, मांडवाच्या वर."

मुलाखतीला मी काय काय पाठ करून गेले होते ते आता आठवलं की हसू येतं. दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात म्हणून मी विषयही निवडला होता. कोणता, ते सांगायला नको. एक शब्द, त्याची दोन घराणी, त्याचे अर्थ, आमच्या वाफ्यातली उदाहरणं. समोर साहेब, प्राचार्य आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ बसले होते. तज्ज्ञांचं सगळं लक्ष बशीतल्या वेफर्सवर.

साहेबांनी विचारलं, "गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"वडील काय करतात?"

"शेती."

"लग्न ठरलंय का?"

"नाही."

"ठीक आहे. या."

झालं. इंग्रजीचा एक शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नाही. मी दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, सर, मी पाठाची तयारी करून आले आहे. प्राचार्य दयाळूपणे म्हणाले, "कळवू आम्ही." जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली. तो सेट पास नव्हता, पण जन्मापासूनच सेट होता.

घरी आले आणि जो राग साहेबांवर काढायचा तो मी आप्पांवर काढला. ते माझ्यासमोर होते आणि साहेब नव्हते, दुसरं काही कारण नाही. मी म्हणाले, "बाकीच्यांचे बाप पायऱ्या झिजवतात. तुमच्याकडून एक शब्द टाकवला नाही. नुसता सेट देऊन आणि बुंदी खाऊन आलात." मीच त्यांना जाऊ नका म्हणाले होते, हे मला त्या क्षणी आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. आप्पांचा चेहरा उतरला, ते उठले आणि मोटर बघायला गेले. त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर त्या नोकरीचं नाव कधी काढलं नाही. मला वाटलं, लागलं असेल मनाला. लागू दे.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आंबेगाव तालुक्यातच दिलं मला. आमच्या दोन्ही तालुक्यांत मुहूर्त पंचांगावर नसतो, पुढाऱ्यांच्या गाडीवर असतो. नवरा-नवरी अंतरपाटाला खोळंबतात आणि पुढारी माइकवरून शुभाशीर्वाद देतात, त्यात पाटपाण्याचा प्रश्न आणि येत्या निवडणुकीचा रंगही येतो. साहेब दिवसाला दहा लग्नं करायचे. माझ्याही लग्नाला आले. जीपच्या मागे खोक्यांची चळत होतीच, त्यातला एक खोका कोणीतरी त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो माझ्या हातात दिला. मला ओळखलं नाही. पुकारणारा ओरडला, "साहेबांच्या वतीने वधूवरांस डिनर सेट." टाळ्या पडल्या. सासरची मंडळी तर धन्य झाली.

सासूबाईंनी तो खोका माळ्यावर सगळ्यांच्या वर ठेवला. साहेबांचा सेट म्हणून तो पाहुण्यांना खालूनच दाखवायचा मान होता. मी तासावर शिकवायला लागले, एका ज्युनियर कॉलेजात, अजूनही शिकवते. मोबाइल आले, लोक हॅन्डसेट बदलायला लागले, पण आमचा डिनर सेट जिथल्या तिथे. सहा-सात वर्षं मी तो झाडला-पुसला आणि प्रत्येक वेळी मनात साहेबांना शिव्या घातल्या. घरबसल्या शिव्या द्यायला काहीतरी समोर असलं की बरं पडतं.

मग नवऱ्याच्या चुलतभावाच्या लग्नात सासूबाईंनी तो खोका एकदाचा बाहेर काढला. म्हणाल्या, "वरचं नाव तेवढं काढ आनि नवा कागद लाव." आणि त्या दळण आणायला गेल्या. साहेबांचं छापील कार्ड खळीने घट्ट चिकटवलेलं होतं, ते निघता निघेना. मी चांदीच्या रंगाचा कागद ओढला तर खाली निळा निघाला. निळा ओढला तर खाली गुलाबी फुलांचा. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसं चाललं होतं. गुलाबी कागद कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण तसले कागद नारायणगावात ढिगाने मिळतात. खोका हलवला तर आत काहीतरी सरकलं. फुटका सेट देऊन नाचक्की नको म्हणून मी खोका उघडला.

ताटं धड होती. सगळ्यात वरच्या ताटाखाली एक पाकीट होतं, भाताच्या शितांनी तोंड चिकटवलेलं, अजून बंद. वर साहेबांचं नाव आणि ते अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. शाळेच्या माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर ते सहीला होतं. आत माझ्या सेटच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती, माझ्या फायलीतून मला न विचारता काढलेली. आणि वहीच्या कागदावर एवढंच लिहिलेलं:

"साहेब, नमस्कार. मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आहे. सेट पास आहे. तिने कोणाला सांगू नका म्हटले आहे म्हणून तोंडी सांगत नाही. आमची मागणी काही नाही. फक्त मुलाखतीत तिला एक प्रश्न जास्त विचारावा. तिला पुष्कळ येते."

मी जमिनीवर बसले ती सासूबाई दळण घेऊन आल्या तरी उठले नाही. त्यांनी उघडा खोका पाहिला आणि डोक्याला हात लावला. "आता काय देनार तिकडं?" मी म्हणाले, लेमन सेट द्या. हा माझा आहे. मी इतक्या वर्षांत त्यांना असं कधी बोलले नव्हते, त्यामुळे त्यांनीही वाद घातला नाही.

ज्याच्या घरी स्वतःचे पाच लेमन सेट माळ्यावर बंद पडलेत, त्या माणसाने चिठ्ठी ठेवायला जागा निवडली ती डिनर सेटच्या पोटात. मला राग आला, रडू आलं आणि थोडं हसूही आलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी पिंपळवंडीला गेले.

आप्पा वाफ्यातच होते. केस पिकले होते, सुतळी तीच. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला, आणि पाकीट न उघडताच त्यांना कळलं.

"कुठं मिळालं?"

मी सगळं सांगितलं. साहेबांच्या मुलीच्या लग्नातून माझ्या लग्नात, मधे आणखी एका लग्नात असेल, कोणीच उघडला नव्हता.

"उघडलाच न्हाई?" ते बांधावर बसले. "मला वाटलं, आपल्याकडं न्हाई उघडत, पन मोठी मान्सं उघडत असतील."

"नाही उघडत आप्पा. ती तर मुळीच नाही उघडत."

त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "मला इतकी वर्सं वाटायचं, माज्या चिठ्ठीनंच तुजं काम बिघाडलं. अक्षर बघून म्हनले असतील, ह्याची पोरगी काय इंग्रजी शिकवनार. म्हनून तू बोललीस तवा मी काय बोललो न्हाई. तुजं खरंच व्हतं म्हनलं."

माझी मान वर होईना. मी म्हणाले, "माझं काही खरं नव्हतं. चुकले मी." आप्पांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माफी वगैरे गोष्टी त्यांना अवघड जातात, घ्यायलाही आणि द्यायलाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

"पन मग," ते म्हणाले, "प्रश्न इचारला का न्हाई तुला येखादा जास्ती?"

गाव कुठलं, वडील काय करतात, लग्न ठरलंय का. मी ते तीन प्रश्न घरात कधीच कोणाला सांगितले नव्हते. लाज वाटायची. आप्पा चष्म्यातून माझ्याकडे बघत होते.

"विचारला की," मी म्हणाले. "सगळ्यात शेवटी. एका शब्दाचे अर्थ विचारले."

"कोनता शब्द?"

"सेट."

"मंग? आलं?"

"सगळे सांगितले. तुमचं घसा बसतो, बाजार बसतो, तेही सांगितलं."

आप्पांनी चष्मा काढून खिशात घातला. पाकीट माझ्याकडे परत दिलं. "मंग झालं," ते म्हणाले, आणि सुटलेली फांदी धरून तारेला बांधायला लागले.